गणपतराव देशमुख: 'सलग ११ वेळा' नाही

गणपतराव देशमुख 'सांगोल्यातून (सोलापूर जिल्हा) सलग ११ वेळा आमदार' होते, असं सांगितलं जातं. ११ बरोबर, सलग नाही. १९६२ आणि १९६७ जिंकल्यावर १९७२ला ते हरले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९९०पर्यंत अखंड. १९९५ला शहाजीबापू पाटलांकडून निसटता पराभव, १९९९ ते २०१४ पुन्हा चार विजय. पक्ष कायम शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), हे मला आकड्यापेक्षा मोठं वाटतं. मंत्रिपद मात्र १९७८ आणि १९९९च्या आघाडी सरकारांतच, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर.

एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम त्यांचा, हा दावाही तपासा. केरळात के. एम. मणी पालामधून १३ वेळा निवडून आले (त्यात १९६५ची, जिची विधानसभा भरलीच नाही), ओमन चंडी पुथुप्पळ्ळीतून १२ वेळा.