इटलीतल्या लढाईचे ओरिजिनल कागद कुठं मिळतील? आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते

सांगोलेकर_88
नमस्कार मंडळी, राहतो सोलापुरात, मूळ गाव सांगोला तालुक्यातलं. आमच्या भागातनं दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या लोकांवर लिहायचं चाललंय, त्यात माझे आजोबा पण आहेत. इटलीत लढले, मराठा लाइट इन्फन्ट्री, एवढंच घरात माहितीय. नेटवर जे मिळतंय ते सगळं एकमेकांचं कॉपी केलेलं. मला त्या वेळी लिहिलेला कागद बघायचाय, म्हणजे अमुक दिवशी पलटण कुठं होती, काय झालं. असलं दिल्लीत असतं का बेळगावला का इंग्लंडला? आणि आपल्यासारख्याला दाखवतात का ओ?

जुनी_पलटण
आधी बटालियन नंबर काढा, बाकी सगळं नंतर. नुसतं मराठा आणि इटली म्हणून भागत नाही, यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते 3/5 चे (म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन, 10 जुलै 1944), नामदेव जाधव 1/5 चे (9 एप्रिल 1945, सेनिओ नदी), दोन्ही इटलीतच पण बटालियन वेगळी, डिव्हिजन वेगळी.
तुम्हाला पाहिजे ती वॉर डायरी. बटालियनची रोजची नोंद, सहसा अॅडज्युटंटच्या (बटालियनचं ऑफिस सांभाळणारा ऑफिसर) हाताखाली लिहिली जायची, तारीख, वेळ, ठिकाण, घटना, आणि मागं जोडलेले ऑर्डर, नकाशे. ब्रिटिश काळातल्या बऱ्याच लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, पुढचा आकडा कागदांच्या मालिकेचा: डब्ल्यूओ 170 म्हणजे इटली, 169 मिडल ईस्ट, 172 बर्मा बाजू, पण भारतीय पलटणींसाठी 169 पण चाळा. सर्च करताना मराठाच्या स्पेलिंगमध्ये टी डबल आणि मधे एच घाला, तेव्हा तसंच लिहायचे. तिथं गेलं तर रीडर्स टिकेट फुकट, आपल्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात. कुणाचा पोरगा तिकडं शिकायला असेल तर पकडा त्याला.
एक सांगतो, डायरीत शिपायाचं नाव शोधत बसू नका, ऑफिसरांची असतात, जवान म्हणजे नुसता आकडा. आणि जबरदस्त लढाई झाली त्या दिवशीच नोंद दोन ओळींची निघते, लिहायला वेळ कुणाला होता. म्हणून ब्रिगेड आणि डिव्हिजनची डायरी सोबत वाचा, तिथं वायरलेसचे निरोप टायमासकट सापडतात.
मेडल मिळालं असेल तर डब्ल्यूओ 373 मध्ये शिफारस असते, काय केलं ते सविस्तर लिहिलेलं. माझ्या मते डायरीपेक्षा हेच वाचायला भारी.

निवृत्त_हवालदार
जय हिंद. घरात डिस्चार्ज बुक आहे का बघा, त्यावर आर्मी नंबर आणि पलटण असते. त्यावरनं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाच्या नात्यानं अर्ज करा, सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातनं गेलात तर बरं पडेल. झेरॉक्स द्या फक्त, ओरिजिनल पोस्टानं पाठवू नका. आणि गावातले जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजची साइट बघा, फुकट आहे, कित्येकांच्या नावापुढं बापाचं नाव आणि गाव लिहिलंय.

भीमाकाठ
मधेच विचारतो, माझे काका 71 ला होते, त्यांचं पण क्यूलाच का?

जुनी_पलटण
नाही हो, 47 नंतरचं सगळं आपल्याकडं. 2021 ला संरक्षण मंत्रालयानं पॉलिसी काढली, वॉर डायऱ्या वगैरे मंत्रालयाच्या हिस्टरी डिव्हिजनकडं द्यायच्या आणि साधारण 25 वर्षांनी खुल्या करायच्या. पॉलिसी कागदावर चांगली आहे, तुम्ही लेखी अर्ज टाका आणि पोच घ्या.

सांगोलेकर_88
लई आभार सगळ्यांचे. चुलत्यांना फोन केला, ट्रंकेत बुक आहे म्हणाले, 3/5 लिहिलंय.

जुनी_पलटण
मग दहावी इंडियन डिव्हिजन. जुलै 44 पासून सुरू करा, आणि डिव्हिजनची डायरी पण मागवा.