अपडेट अर्धवट फसलं तर एक्झिट कोड कोणता द्यावा?

प्रश्न: अपडेट टूल लिहितोय. पाचपैकी एका रिपॉझिटरीची (पॅकेजेस जिथून उतरतात त्या साठ्याची) यादी उतरली नाही, बाकीच्या आल्या, तर एक्झिट कोड (टूल संपताना परत देतं तो आकडा; 0 म्हणजे यशस्वी) 0 द्यावा का? क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट फक्त कोड बघते.

उत्तर 1: 0 अजिबात नको. डेबियन-उबुंटूमधलं ‘एपीटी-गेट अपडेट’ डीफॉल्टने हेच करतं: यादी मिळाली नाही की जुनीच वापरतं, इशारा छापतं आणि 0 परत करतं. स्क्रिप्टला सगळं आलबेल वाटतं आणि सुरक्षा पॅच राहून जातात, हे फार धोकादायक आहे. त्यात आता ‘एरर-ऑन=एनी’ हा पर्याय आहे; तो दिला की तात्पुरत्या अपयशालाही 100 हा अपयशाचा कोड मिळतो. नव्या टूलमध्ये अशी कडक वागणूकच डीफॉल्ट ठेवा.

उत्तर 2: 100 चा अर्थ मात्र सगळीकडे सारखा नाही. फेडोराच्या ‘डीएनएफ चेक-अपडेट’मध्ये 100 म्हणजे अपडेट उपलब्ध, 1 म्हणजे चूक. तुमचे अर्थ मॅन पेजमध्ये (टूलच्या माहितीपानात) लिहाच. फसलेल्या फाइलींची संख्या कोड म्हणून देऊ नका. कोडचे शेवटचे 8 बिटच उरतात, 256 चा 0 होतो. 126, 127 आणि 128 च्या पुढचे आकडे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम, उदा. बॅश) स्वतः वापरतं, तेही सोडा.

उत्तर 3: स्क्रिप्टही तपासा. आउटपुट ‘टी’कडे (ते फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे) पाइप केलं असेल तर कोड ‘टी’चा मिळतो. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे पाइपमधल्या फसलेल्या कमांडचा कोड मिळतो.