बुद्धिबळाच्या एक मिनिटाच्या डावात स्टॅफर्ड गँबिट: खेळावं की सोडावं?

काळा_घोडा:
स्टॅफर्ड गँबिट म्हणजे काळ्याने प्यादं देऊन सापळे लावायची सुरुवात. १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा एफ६ ३. घोड्याने ई५ मारलं की ३...घोडा सी६! मग ४. घोड्याने घोडा मारला, डी-प्याद्याने सी६ परत घेतलं. इंजिनच्या (बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रॅमच्या) मते पांढरा जवळजवळ दोन प्याद्यांनी पुढे. १+० मध्ये (प्रत्येकाला एकच मिनिट, चालीमागे जादा वेळ नाही) या आकड्याला अर्थ नाही. साठ सेकंदांत चाळीस चाली म्हणजे चालीमागे दीड सेकंद. काळ्याचं सगळं ठरलेलं असतं: उंट सी५, घोडा जी४, वजीर डी६ किंवा एच४, मारा एफ२-एच२ वर. पांढऱ्याला मात्र दरवेळी नेमकं उत्तर लागतं. ५. डी३, उंट सी५ ६. उंट जी५ ही किती सवयीची चाल! पण ६...घोड्याने ई४ घेतलं, ७. उंटाने वजीर मारला, ७...उंटाने एफ२ घेऊन शह ८. राजा ई२, उंट जी४ मात.

प्यादं_सी३:
नेमकं उत्तर शोधावं लागतं हेच पटत नाही. ५. डी३, ६. उंट ई२, ७. सी३, ८. डी४. एवढं पाठ केलं की झालं. ई२ चा उंट जी४ वर नजर ठेवतो, सी३-डी४ ने सी५ चा उंट हाकलला जातो. फक्त ६...एच५ नंतर घाईने किल्लेकोट नको. घोडा जी४, एच३, वजीर डी६ झाल्यावर घोडा मारलात, तर एच-प्यादं परत घेतं आणि हत्तीची पट्टी मोकळी होते.

काळा_घोडा:
या चाली प्री-मूव्ह करत (समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली लावून ठेवत) सुटाल तर फसाल. ६...एच५ नंतर ७...घोडा जी४ ८. डी४ ला ८...वजीर एच४ येतो. तिथे ९. डी-प्याद्याने उंट आधीच मारून ठेवला असेल, तर वजीर एफ२ घेऊन शह देतो आणि राजाला डी२ वर पळावं लागतं. आधी जी३ हवी. तेवढं पाहायला थांबलात की घड्याळ माझ्या बाजूने.

घड्याळ_बघा:
प्री-मूव्हचा धोका काळ्यालाही आहे, आणि तो जास्त महाग पडतो. ४...सी६ परत घेणं प्री-मूव्ह करा, खुशाल. पांढऱ्याने तिथे काही मारलंच नाही, तर चाल आपोआप रद्द होते. पण ५...उंट सी५ कधीच आधी लावू नका. ५. डी४ आली तर उंट फुकट जातो, ५. ई५ आली तर एफ६ चा घोडा. ५. ई५ ला घोडा ई४ हवा. त्यावर ६. डी३?? केली की उंट सी५, आणि ७. प्याद्याने घोडा मारला तर एफ२ वरच्या शहानंतर वजीर जातो. ६. डी४ खेळली तर मात्र सी५ चं घर बंद आणि सापळाही संपला.

प्यादं_सी३:
शिवाय ३. घोडा सी३ किंवा ३. डी४ खेळलं तर गँबिट पटावर येतच नाही. काळ्याला त्या दोन्ही जागा नीट यायला हव्यात. निव्वळ सापळे पाठ करणाऱ्यांचा तिथे गोंधळ होतो. आणि तीन मिनिटं आणि चालीमागे दोन सेकंद मिळणाऱ्या ३+२ मध्ये पांढऱ्याला जी३ सुचायला पुरेसा वेळ असतो.

काळा_घोडा:
३+२ चं मान्य. तिथे मी ३...डी६ ४. घोडा एफ३, घोड्याने ई४ परत, हा साधा पेत्रोव्ह बचावच सुचवेन. १+० मध्ये स्टॅफर्डच.