वॉशिंग्टन लढाया हरायचा, तरी पहिला अध्यक्ष तोच कसा?

पेठेतला_भाडेकरू: काल रात्री अभ्यासिकेच्या खाली चहाला उभे होतो तेव्हापासून हा वाद चालूय. रूममेट म्हणतो अमेरिकेच्या इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात जनरल म्हणून वॉशिंग्टन यथातथाच, १७७६ ला न्यूयॉर्क घालवलं, पुढच्या वर्षी फिलाडेल्फियापण गेलं, मग १७८९ मधे सगळ्याच्या सगळ्या ६९ इलेक्टर्सनी (अध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी) त्यालाच का निवडलं? नुसतं नशीब का हे?

कमी_साखर: रूममेटचं अर्धं बरोबर आहे रे. पण सैन्य फुटू दिलं नाही हे विसरू नको. नाताळच्या रात्री बर्फातून डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर छापा घातला, नऊशेच्या आसपास हेसियन, म्हणजे इंग्रजांचे भाडोत्री जर्मन सैनिक, पकडले. असला छापा मराठी माणसाला काय समजवायचा! यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईत मात्र मदतीला फ्रेंच आरमार नसतं तर काही खरं नव्हतं.

निवृत्त_मास्तर: अहो, खरी गंमत लढाई संपत आल्यावर आहे. मार्च १७८३, न्यूबर्गची छावणी, अधिकाऱ्यांचे पगार थकलेले, काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) धडा शिकवायची भाषा सुरू. वॉशिंग्टन आला, भाषण केलं, फारसा फरक नाही. मग खिशातून एक पत्र काढलं, वाचताना अडखळला, चष्मा काढून डोळ्याला लावला आणि म्हणाला की तुमच्या सेवेत केस पांढरे झाले, आता दिसेनासंही व्हायला लागलंय. चष्म्यात त्याला फारसं कुणी पाहिलं नव्हतं, भलेभले रडले म्हणतात. त्याच डिसेंबरात ॲनापोलिसला राजीनामा देऊन सरळ शेतीवर गेला. सैन्य हातात असून सोडलं ना, म्हणून १७८७ ला राज्यघटनेच्या सभेचं अध्यक्षपद त्यालाच, आणि दोन वर्षांनी देशाचंही.

स्पष्ट_बोलतो: त्या शेतीवर तो वारला तेव्हा ३०० च्या वर गुलाम होते, तेही लिहा की.

निवृत्त_मास्तर: बरोबर आहे तुमचं, लिहायला हवं होतं.

लोकल_पुणे_लोणावळा: यॉर्कटाउनला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस आठवतोय का? आजारी असल्याचं सांगून शरणागतीला आलाच नाही, तलवार दुसऱ्याच्या हाती पाठवली. १७८६ ला तोच इकडे गव्हर्नर जनरल, आणि १७९२ ला टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला मराठा सेनापती हरिपंत फडके त्याच्याच बाजूला! आणि तिकडे वॉशिंग्टन लढत होता तेव्हाच, जानेवारी १७७९ मधे, आपल्या वडगाव मावळात इंग्रजांनी मराठ्यांपुढे गुडघे टेकले होते.

पेठेतला_भाडेकरू: च्यायला, लोकलने दर महिन्याला वडगाववरून जातो मी. रूममेटला चष्म्याचं सांगितलं तर गप्प बसला, आता म्हणतो कॉर्नवॉलिसवर प्रश्न येईल का परीक्षेत.