विषय: वेंचीला कोणी गेलंय का? (सासऱ्यांना काजू बघायचेत)

प्रेषक: वहिनी, अक्रा

मंडळी नमस्कार,

सासू-सासरे महिनाभर घानात आमच्याकडे आलेत. केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले बघून झाले, काकुमच्या जंगलातले झुलते पूलही झाले (सासूबाई पहिल्याच पुलावरून परत फिरल्या), आणि आता बाबा म्हणतात किल्ले पुरे, मला इथला शेतकरी दाखवा. संगमेश्वरजवळ त्यांची काजूची बाग आहे आणि दरवर्षी बी विकायला गेलं की व्यापारी एकच रेकॉर्ड लावतात, आफ्रिकन बी स्वस्त पडते, तुमची कशाला घेऊ. तर ती आफ्रिकन बी झाडावर लटकलेली त्यांना डोळ्यांनी बघायचीय. ह्यांच्या ऑफिसातला एक जण म्हणाला वेंचीला जा, तिकडे काजूच्या बागा आहेत. कोणी गेलंय का? रस्ता वयस्कर माणसांना झेपेल का, आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत त्यांचं काय करू?

---

प्रेषक: अण्णा, टेमा

वहिनी, वीस वर्षं झाली मला या देशात, वेंचीत बघण्यासारखं काय आहे ते अजून कळलं नाही. अक्रा ते कुमासी अडीचशे किलोमीटर, पुढे टेचिमन सव्वाशेच्या आसपास, त्यापुढे आणखी तीस. कंबर कामातून जाईल. त्यापेक्षा आकोसोंबोला न्या, धरण आहे, बोट आहे, जेवायला बरं हॉटेल आहे, संध्याकाळी घरी. काजू काय, रत्नागिरीत बघितलेत त्यांनी आयुष्यभर.

आणि जायचंच असेल तर मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका म्हणावं. पिवळ्या तापाचं कार्ड असेलच, त्याशिवाय एअरपोर्टवरून सोडलं नसतं.

---

प्रेषक: धाकटा, टेमा

अण्णा रागावू नका पण वहिनी तुम्ही जाच. मी मागच्या मार्चमध्ये गेलो होतो तीन दिवस, आणि मी वेंगुर्ल्याचा, त्यामुळे बाबांना काय बघायचंय ते मला बरोबर कळलं.

रस्त्याचं आधी सांगतो. एका दिवसात अक्रा ते वेंची करू नका, कुमासीला मुक्काम टाका. मी एकटा होतो म्हणून कुमासीहून ट्रोट्रोने गेलो, म्हणजे आपली वडापची जीपच समजा, भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय ते मेट ठरवणार (मेट म्हणजे कंडक्टर). माझ्या मांडीवर कोणाचं तरी कोंबडं होतं पाऊण तास. तुम्ही गाडी करा.

वाटेत टेचिमनला थांबा, गुरुवार-शुक्रवार साधला तर उत्तम, आठवडी बाजार तेव्हा फुल असतो. हा बाजार घानाच्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी आहे, बुर्किना, माली, नायजरपर्यंतचे ट्रक येतात, कांदा येतो, मका जातो, आणि याम! आपल्या कोनफळाचा थोरला भाऊ, पण आतून पांढरा, माणसाच्या पोटरीएवढा एकेक, आणि नुसत्या राशीच्या राशी. त्यातला पोना नावाचा सगळ्यात भारी. आणि गंमत म्हणजे बाजारावर राज्य बायकांचं आहे, प्रत्येक मालाची एक राणी असते, यामची वेगळी, टोमॅटोची वेगळी, माल कधी उतरवायचा, भांडण झालं तर काय, ते ती ठरवते. मी एकीला चुकून भाव कमी करा म्हणालो तर ती आणि तिच्या बाजूच्या चार जणी इतक्या हसल्या की मी गुपचूप पैसे दिले. पैसे पण मोबाईलवर चालतात, मोमो म्हणायचं. शेंगावाल्या आजीकडेही मोमो आहे.

आता वेंची. गाव म्हणण्यापेक्षा आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण म्हणा, लाल माती, पत्र्याची छपरं, चर्च, मशीद, खताची दुकानं, आणि सीझनला रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर वाळत घातलेली काजूबी. मला तर तो वास आल्यावर क्षणभर कळेना मी कुठे आहे. १९६९ ते ७२ घानाचे पंतप्रधान होते ते कोफी बुसिया इथलेच, त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं खुर्चीत जरा सरळ होतात. काजूवर संशोधन करणारं सरकारी केंद्रही इथे आहे, आपल्या वेंगुर्ल्यासारखंच. पलीकडे सीमेवर साम्पा, तिथेही काजूच काजू, आणि सीमा ओलांडली की आयव्हरी कोस्ट, कच्च्या काजूत जगात पहिला नंबर.

माझी पहिली फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. तिथे केलेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या मामाची बाग होती, आम्ही अंगणात पोचलो, बाकावर बसलो आणि मी लगेच सुरू, किती झाडं, किती किलो, भाव काय चाललाय. मामा माझ्याकडे बघेचनात. माझ्या मागे भिंतीवर पाल असावी तसे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत बसले. ड्रायव्हरने मला कोपर मारलं. मग एक मुलगी पाणी घेऊन आली, पाणी प्यायलो, मग मामा म्हणाले इथे सगळं निवांत आहे (बोकोऽ असा शब्द आहे), आता तुमचं अमाने सांगा, म्हणजे कुठून आलात, काय काम काढलंत. मग ड्रायव्हरने उभं राहून माझी सगळी कुंडली मांडली, वेंगुर्ल्याची बाग, आजोबा, टेमातली नोकरी, सगळं. मग सगळ्यांशी उजवीकडून सुरू करून एकेकाशी हात मिळवणं. हे सगळं झाल्यावर मामांनी भाव सांगितला, न विचारता. आमची आजी दारात आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय विचारायची का, काय काम आहे म्हणून? टेमात राहून मीच विसरलो होतो.

बाग बघून मात्र माझ्या पोटात कालवलं. बी पिळून काढतात आणि बोंडू (बीच्या वरचं रसाळ फळ) तिथेच टाकतात. झाडाखाली पिवळ्या-लाल बोंडवांचा नुसता सडा, आंबलेला वास, माश्या. थोडा रस काढणारे आहेत पण अगदी थोडे. मामांना मी सांगितलं गोव्यात याची दारू करतात आणि बाटलीला चांगले पैसे मिळतात, त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. बी मात्र जवळजवळ सगळी कच्चीच पोत्यात भरून बाहेर जाते, इंडिया नाहीतर व्हिएतनाम. खरेदीला आलेला माणूस मूठभर बिया घेतो, कात्रीने मधोमध कापतो, किती भरल्या, किती पोचट, किती डागी ते मोजतो आणि आउटटर्न काढतो, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल. ४८ निघाला की खूश. सरकार सीझनला किमान भाव जाहीर करतं, पण पाऊस तोंडावर आला आणि मुलाची फी भरायची असली की शेतकरी काय करणार, देतो. मला बघून दोन-तीन जणांनी विचारलं, इंडिया? यंदा किती देणार? त्यांच्या हिशेबात भारतीय म्हणजे खरेदीदार. म्हणजे बघा, बाबांना तिकडे व्यापारी सांगतो आफ्रिकेत स्वस्त मिळते, आणि इकडे यांना सांगतात इंडियात भाव पडलाय. दोन्ही म्हातारे एका बाकावर बसवायला पाहिजेत.

---

प्रेषक: माई, कुमासी

धाकट्याने छान लिहिलंय पण मुख्य गोष्टी राहिल्या. डाव्या हाताने काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हात हलवून टाटासुद्धा नाही. हे तुमच्या सासूबाईंना सांगावं लागणार नाही, तुम्हा मुलांना सांगावं लागतं.

गावच्या चीफकडे जाणं झालं तर श्नॅप्सची (दारूच ती) बाटली न्यायची, रीतच आहे ती, आणि त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसायचं नाही. थेट त्यांच्याशी बोलायचंही नाही, बाजूला ओक्येआमे असतो, सोनेरी मुठीची काठी घेऊन, त्याला सांगायचं, तो पुढे सांगतो. तुम्ही इंग्लिशमध्ये बोललेलं चीफना कळलेलं असतं, तरीही. मला आधी हा नुसता थाट वाटायचा, मग लक्षात आलं की मधे माणूस असला की कोणाचाही शब्द अंगावर येत नाही.

शनिवारी प्रवास टाळा. शनिवारी अंत्यविधी असतात, लाल-काळे कपडे घातलेली माणसं बसेस भरभरून जातात आणि रस्ते तुंबतात.

जेवणाचं. नीट ऐका, "नो मीट" म्हटलं तर इथे मासा घालतात. मासा त्यांच्या हिशेबात मीट नाही. कोन्टोमिरे म्हणून पालेभाजी मिळते, आपल्या अळूचीच बहीण, पण त्यात खारवलेला मासा हमखास. उकडलेला याम आणि केळी, भाजलेली केळी आणि शेंगदाणे (याला लोक कोफी ब्रोकमन म्हणतात, कडकी लागलेल्या माणसाचं जेवण), साधा भात, अव्होकाडो, अननस. बाकी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी. यामबरोबर लसणीची चटणी मी वीस माणसांना खायला घातलीय, दोन यजमानांनी रेसिपी मागितली. बाबा मासे खात असतील तर फुफू (कसावा-केळी कुटून केलेला मऊ गोळा) आणि लाइट सूप द्या, पण चावायचं नाही, गिळायचं. उजव्या हाताने.

आणि एप्रिलपर्यंत थांबणार असाल तर आपो कधी आहे ते विचारा, टेचिमनला असतो आणि वेंचीलाही. त्या दिवसांत कोणीही उठून चीफला, साहेबाला, शेजाऱ्याला तोंडावर वाट्टेल ते बोलू शकतो, गाणी रचून बोलतात, आणि कोणी रागवायचं नाही. वर्षभराची मळमळ बाहेर. आपला शिमगाच की, आणि महिनाही जवळपास तोच! मी एकदा पाहिलाय, भाषा अर्धी कळत होती तरी हसून पोट दुखलं.

टेचिमनहून वाट वाकडी केलीत तर एनकोरान्झाच्या बाजूला बोआबेंग-फिएमा आहे, दोन गावांच्या मधल्या देवराईत माकडं राहतात, त्यांना मारायचं नाही, मेलं तर रीतसर पुरतात.

---

प्रेषक: वहिनी, अक्रा

माई, माकडांचं मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले आमच्याकडची वांदरं आणि केलडी पण घेऊन जा म्हणावं त्यांना, भाडं मी भरतो.

शुक्रवारी निघतोय. मुलांसाठी चॉकलेटं न्यावीत का?

---

प्रेषक: धाकटा, टेमा

नको हो. गाडीतून चॉकलेटं वाटली की पुढच्या गाडीमागे पोरं धावतात, मग तेच गाव पोरांना भिकारी म्हणून ओरडतं. वह्या-पेन्सिली न्या आणि घरातल्या मोठ्या बाईच्या हातात द्या, ती वाटेल. फोटो विचारून.

आणि आई-बाबांचे जन्मवार काढून ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो. कोफी म्हणजे शुक्रवारी झालेला, क्वामे शनिवारचा, तसं.

---

प्रेषक: वहिनी, अक्रा

मंडळी, काल रात्री परत आलो. कंबर सगळ्यांची शाबूत आहे अण्णा, फक्त ह्यांची दुखतेय.

धाकट्याच्या ओळखीच्याच मामांकडे गेलो. पाणी झालं, अमाने झालं, बाबा गुरुवारचे निघाले म्हणून याव आणि सासूबाई शनिवारच्या म्हणून आमा. आणि लगेच सगळे बाबांना "नाना याव" म्हणायला लागले. बाबा चमकलेच, कारण गावी त्यांना सगळे नानाच म्हणतात, मला म्हणाले तू सांगितलंस का गं? मी कशाला सांगतेय. इथे आजोबाला, मानाच्या माणसाला नाना म्हणतात हे मलाच तिथे कळलं. त्यानंतर बाबांचा जो काही भाव वाढलाय त्याबद्दल बोलायलाच नको.

बागेत गेल्यावर दुभाषा लागेल म्हणून मी शेजारी चालत होते, तर काही गरजच पडली नाही. बाबांनी एक फांदी वाकवली, कोवळ्या शेंड्यावरचा काळा डाग दाखवला आणि म्हणाले, ढेकण्या (काजूची कोवळी पालवी शोषणारा किडा). मामांनी पण दुसरी फांदी वाकवली, तोच डाग, आणि ट्वीमध्ये (तिथली भाषा) काहीतरी म्हणाले, सुरावरून शिवीच असावी. मग दोघं तासभर झाडाझाडाखाली फिरले, एक मराठीत बोलतोय, एक ट्वीमध्ये. बाबा प्रत्येक झाडाखाली वाकून बोंडू पिळून बी बाजूला करत होते, सवयीने, मामांच्या ढिगात टाकत होते. फेणीवर मामांचा अजूनही विश्वास नाही. भावाचा विषय निघाला तेव्हा दोघांनी जमिनीवर काठीने आकडे लिहिले, एकाने रुपयात, एकाने सेडीत, मी मोबाईलवर हिशेब करून सांगितलं, आणि मग दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. बाबा गाडीत म्हणाले, मधे कोण खातंय ते आता कळलं. कोण ते काही सांगितलं नाही त्यांनी.

निघताना तिथे रस्ता मागायचा असतो हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, मामांना सांगा आम्हाला रस्ता द्या. मामा म्हणाले, अर्धा देतो. म्हणजे उरलेल्या अर्ध्यासाठी परत या. मी बाबांना मराठीत सांगितलं तर बाबा म्हणाले, मग मी काय वेगळं म्हणतोय, येतो म्हणतोय की.

सासूबाईंनी दोन दिवस याम आणि लसणीची चटणी खाल्ली, माईंना नमस्कार सांगितलाय. अण्णा, डिकीत पोनाचे सहा याम आहेत, तुमचे दोन काढून ठेवलेत, रविवारी या घ्यायला. पिशवी आणा, माती लागते.