ओगादेन युद्ध (१९७७-७८): महासत्तांनी बाजू बदलल्या त्या विचारसरणीमुळे की स्वार्थासाठी? मदत हवी आहे

नमस्कार. शीतयुद्धाचे आफ्रिकेवरील परिणाम या विषयावर मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान तयार करत आहे आणि सोमालिया-इथिओपिया युद्धापाशी येऊन अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपिया अमेरिकेच्या गोटात होता. सोमालियात सियाद बारे यांनी १९६९ मध्ये सत्ता बळकावली, पुढच्याच वर्षी शास्त्रीय समाजवाद जाहीर केला आणि १९७४ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. सोमालियातील बर्बेरा बंदरात सोव्हिएत नौदलाला सोयी मिळाल्या होत्या. १९७४ मध्येच इथिओपियातील 'देर्ग' या लष्करी समितीने सम्राटांना पदच्युत केले आणि १९७५ मध्ये ग्रामीण जमिनीचे राष्ट्रीयीकरण केले. जुलै १९७७ मध्ये सोमाली फौजा पूर्व इथिओपियातील ओगादेन या सोमाली वस्तीच्या प्रदेशात घुसल्या, तेव्हा मॉस्कोने इथिओपियाची बाजू घेतली. नोव्हेंबरमध्ये बारे यांनी करार मोडून सोव्हिएत सल्लागारांना देशाबाहेर काढले. पुढे क्यूबाच्या हजारो सैनिकांच्या साहाय्याने इथिओपियाने मार्च १९७८ मध्ये ओगादेनमधील जिजिगा हे शहर परत घेतले.

विचारसरणी हा निव्वळ मुलामा होता, खरा प्रश्न बंदरांचा आणि तळांचा होता, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पुरते पटत नाही. मार्च १९७७ मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांनी एडन येथे देर्गचे प्रमुख मेंगिस्तू आणि बारे यांना समोरासमोर बसवून इथिओपिया, सोमालिया आणि दक्षिण येमेन यांच्या संघराज्याचा प्रस्ताव मांडला होता. समाजवादी राजवटी आल्या की जुने सीमावाद आपोआप मावळतील, अशी मनोमन खात्री असल्याखेरीज असा प्रस्ताव कोणी मांडेल, असे वाटत नाही. बारे यांनी तो धुडकावला, कारण त्यांच्या लेखी सोमाली राष्ट्रवाद समाजवादाच्या आधी येत होता. शिवाय केवळ तळच हवा असता, तर हातातले बर्बेरा गमावण्याचा धोका मॉस्कोने पत्करला असता का? अर्थात इथिओपियाची मोठी लोकसंख्या आणि मसावा, असाब ही तांबड्या समुद्रावरील बंदरे दुसऱ्या पारड्यात होतीच. तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या प्रशासनाने मानवी हक्कांच्या कारणावरून इथिओपियाची मदत कमी केली. मात्र १९८० मध्ये त्याच प्रशासनाने बारे यांच्या हुकूमशाहीशी बर्बेराच्या वापराचा करार केला. या युद्धात लाखो लोकांना घरदार सोडावे लागले, त्यामुळे 'दोघेही स्वार्थी' एवढ्यावर विषय मिटवणे मला योग्य वाटत नाही.

इथिओपियातील जमीन सुधारणा ही खरी क्रांती आहे, असे सोव्हिएत नेतृत्व आपापसांतील चर्चेतही मानत होते का? याबाबत खुल्या झालेल्या सोव्हिएत किंवा पूर्व जर्मन कागदपत्रांतून काय दिसते? दुसरे असे की, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा सॉल्ट करार ओगादेनच्या वाळूत गाडला गेला, असे कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की म्हणत. पण सॉल्ट-२ वर जून १९७९ मध्ये सह्या झाल्या आणि कार्टर यांनी सिनेटमधील त्याची चर्चा थांबवायला लावली ती अफगाणिस्तानातील सोव्हिएत हस्तक्षेपानंतर, जानेवारी १९८० मध्ये. मग ब्रेझिन्स्की यांच्या विधानाला कितपत महत्त्व द्यावे?