संत्र्याच्या एक्सपोर्टचे कागद आपण भरायचे का एजंटवर सोडायचे?

वरुड_बगीचा
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी कंपनीनं मागच्या आंबिया बहारात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बांगलादेशला संत्रा धाडला. आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) कंपनीचा, बँकेचा एडी कोड (पैसे ज्या बँकेत येणार तिचा नंबर) कंपनीचा, फक्त कस्टमचं काम एका एजंटकडे दिलं होतं (नाव घेत नाही, माणूस वाईट नाही). माल निघायच्या रात्री साडेदहाला व्हाट्सअपवर चेकलिस्ट आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शिपिंग बिल (माल बाहेर धाडताना कस्टमला द्यायचा कागद) कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर चढवायच्या आधी त्याचा जो मसुदा निघते ती चेकलिस्ट. माल कोणता, कोड कोणता, वजन किती, पैसे कोणत्या बँकेत येणार, सगळं त्यात असते अन् ज्याचा माल त्यानं वाचून हो म्हणायचं असते. मी पॅकहाऊसवर होतो, शेवटचे कॅरेट भरणं चालू होतं, हमाल घाई करत होते, मोबाईलवर चार पानं बारीक अक्षरात, बोटानं खाली सरकवत गेलो अन् लिहून टाकलं, ओके.

त्या एका ओकेत दोन चुका पास झाल्या. पहिली कोडची. एजंटच्या पोऱ्यानं 'फ्रेश ऑरेंज' लिहून ०८०५ १० टाकला. आता आपण बोलताना इंग्रजीत ऑरेंजच म्हणतो, पण कस्टमच्या कोडात ऑरेंज म्हणजे मोसंबीच्या जातीचं फळ, आपला नागपुरी संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिन, त्याला ०८०५ २१ लागते. फायटोवर (रोगकिडीचं सर्टिफिकेट) नाव बरोबर होतं, शिपिंग बिलात दुसरं फळ. दुसरी चूक वजनाची, नेट (नुसत्या फळाचं) अन् ग्रॉस (कॅरेटसकट) दोन्हीकडे एकच आकडा. नऊशे कॅरेट होते, रिकामं कॅरेट दोन किलोच्या आसपास, म्हणजे अठराशे किलो प्लास्टिक संत्रा म्हणून लिहिलं गेलं. बांगलादेशात २०२३ च्या दरानं किलोमागे ८८ रुपये ड्युटी धरा, १ लाख ५८ हजार ४०० रुपयाचा फरक, तोही झाडाला लागलाच नाही अशा मालावर. ड्युटी तिकडचा व्यापारी भरते हे खरं, पण तो ती आपल्या भावातून कापते हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

दुरुस्ती होईपर्यंत ट्रक पेट्रापोलच्या (बंगालमधला बांगलादेश सीमेवरचा नाका) अलीकडे अडीच दिवस ताडपत्रीखाली उभा. वरचे कॅरेट बरे निघाले, खालच्या दोन थरांचा रस सुटला होता. फोटो आला तेव्हा मला जेवण गेलं नाही.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की शेतकरी कंपन्यांनी शिपिंग बिल स्वतःच भरायला शिकावं. एक्सपोर्टर स्वतः डिजिटल सही घेऊन, आइसगेटवर नोंदणी करून भरू शकते, कायद्यात मनाई नाही. फायटोचा अर्ज ऑनलाइन, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा त्याचा दाखला) ऑनलाइन, बाकीची कागदं २०१८ पासून ई-संचितवर स्कॅन करून चढतात. सगळं खिशातल्या मोबाईलपर्यंत आलं असताना आपल्या मालाचं नाव दुसऱ्यानं कायले लिहायचं?

मोर्शीवाला_जुना
भाऊ तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं पण मले तुमचं म्हणणं पटलं नाई. सगळं काम कास्तकारावरच काहून टाकून रायले? फवारणी त्यानंच करायची, बगीचा राखायचा त्यानंच, रात्री थ्री फेज आली की मोटर चालू कराले वावरात त्यानंच जायचं, अन् आता कस्टमचे कोडही त्यानंच पाठ करायचे? आमच्या गावात ओटीपी याले गच्चीवर जा लागते. डायरेक्टरचा नंबर रजिस्टर असते अन् डायरेक्टर असते वावरात, ओटीपी येऊन मरून जाते तरी त्याले पत्ता नसते.

अन् मुख्य गोष्ट तं तुम्ही बोललेच नाई. २०१९ ले बांगलादेशची ड्युटी किलोले २० रुपये होती, ३०, ५१, ६३ करत २०२३ ले ८८ वर गेली. आमचे बगीचे उक्ते घेणारे व्यापारी त्या वर्षी अर्ध्या भावानं मागत होते, काही बगीच्यात तं कोणी पाय ठेवला नाई. तो खड्डा कागदानं पडला नव्हता, सरकार-सरकारच्या बोलण्यातून पडला होता. कागद कितीही नीट भरा, ८८ चे ८७ होत नाई. संत्रापट्ट्यानं एका आवाजात बोलायचं तं त्या ड्युटीवर बोला.

नरखेड_ते_नागपूर
मी एका क्लिअरिंग ऑफिसमध्ये सहा वर्षांपासून आहे, घरी बाबांचा तीन एकर संत्रा आहे, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसतं. वरुडचे दादा, तुमच्याकडे झालेल्या चुका आमच्या लाइनमध्ये रोज होतात आणि त्या लाजिरवाण्या आहेत, हे आधी मान्य करते. पण स्वतः भरा हा त्यावरचा उपाय नाही, खरंच नाही.

लोकांना वाटतं फॉर्म भरला, सबमिट दाबलं, झालं. तुम्ही बिल चढवलं की ते आधी रिस्क मॅनेजमेंट सिस्टीममधून जातं, ती ठरवते कोणता माल उघडून बघायचा आणि कोणता तसाच सोडायचा. मग माल कस्टमच्या आवारात पोचल्याची नोंद, लागली तर तपासणी, मग लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर जाऊ द्यायची परवानगी. या मधल्या प्रत्येक जागी क्वेरी येऊ शकते आणि उत्तर द्यायला माणूस तिथे हजर लागतो. वरुडमध्ये बसून पेट्रापोलच्या क्वेरीला कोण उभं राहणार? ऑर्डर निघाल्यावर चूक सापडली तर कस्टम ॲक्टच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज, आधीचे पुरावे जोडा, साहेबांची परवानगी घ्या. सरावाच्या माणसाला ते अर्ध्या दिवसात जमतं, नवख्याचे तीन दिवस जातात, आणि संत्रा तीन दिवस थांबत नाही.

कोडबद्दल थोडं. २०१७ च्या आधी मँडरिनला ०८०५ २० होता, मग जगभरच्या कोडांत बदल झाला आणि त्याचे तुकडे पडले, २१ मध्ये मँडरिन, २२ मध्ये क्लेमेंटाइन वगैरे. बऱ्याच ऑफिसात जुन्या बिलाची कॉपी करून नवीन बिल बनवतात, तिथून चुका वाहत येतात. तुमचं बिल कोणीतरी मोसंबीच्या बिलावरून कॉपी केलेलं असणार असं मला वाटतं.

वरुड_बगीचा
ताई, कॉपी करून बनवतात हेच तर मला खुपते. ज्यानं आयुष्यात संत्रा अन् मोसंबी वेगळी पाहिली नाही तो कोड टाकते अन् जो जन्मापासून पाहते तो ओके लिहिते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा आम्ही फटाके फोडले होते, अन् सीमेवर त्याचं नावच बदललं.

मोर्शीचे काका, ड्युटीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ८८ नं आधीच कंबर मोडली असताना कॅरेटच्या प्लास्टिकवरही ८८ काहून द्यायचे? ड्युटी आपल्या हातात नाही, वजन तर आपल्या हातात आहे ना.

हिंगणघाट_जिनिंग
संत्र्यातलं मला कमी समजते, कापसाचं सांगतो कारण वारा तिकडूनच येऊन रायला. अमेरिकेनं २०२१ मध्ये चीनमधल्या शिनजियांगच्या जबरी मजुरीवर कायदा केला अन् जून २०२२ पासून लागू केला. त्यानंतर तिकडचा कपडे घेणारा विचारते, या सुतातला कापूस कुठल्या जिनिंगचा, कागद दाखवा. चीन कुठं अन् हिंगणघाट कुठं, पण आपला कापूस शिनजियांगचा नाही हे शाबीत करणं आपल्यावर आलं. आता कस्तुरी कॉटन भारत या भारतीय कापसाच्या ब्रँडमध्ये गाठींना क्यूआर कोड लागते, कोणती जिनिंग, कोणता लॉट, टेस्टिंग काय, सगळं त्यात जाते.

आमच्याकडे आधी लॉट रजिस्टर म्हणजे मुनीमजीच्या डोक्यात. तीन गावच्या गाड्या एकाच ढिगावर खाली व्हायच्या. आता ढीग वेगळे ठेवा लागतात, जागा जास्त लागते, हमाली वाढते, त्याचा खर्च कोणी देत नाही, हा मोर्शीच्या भाऊंचा राग मला समजते. पण एक फरक पडला. मागं एका खरेदीदारानं ट्रॅशवरून (कापसातला काडीकचरा) भाव कापायचा प्रयत्न केला तेव्हा आम्ही त्या लॉटचा टेस्ट रिपोर्ट समोर ठेवला अन् पूर्ण चुकारा घेतला. आधी तोंडी भांडायचो, अन् तोंडी भांडणात नेहमी विकणारा हरते. म्हणून माझं मत वरुडकडे, माहिती मालकाच्या हातात पायजे.

बोनगाव_फेरी
मी गाडीवाला. वरुड पांढुर्ण्याकडून पेट्रापोल सोळा वर्षं केलं. तुम्ही सगळे कागदावर बोलून रायले, मी उभ्या गाडीवर बोलतो. आधी बोनगावच्या पार्किंगमध्ये नंबर लागायचा, कधी सुटणार कोणी सांगू शकायचं नाही, ड्रायव्हर तिथंच स्वयंपाक करायचा, तिथंच आंघोळ. २०२२ पासून बंगाल सरकारची सुविधा नावाची ऑनलाइन स्लॉट बुकिंग आली, आता तारीख घेऊन जाता येते. माझ्यासाठी हे मोठं काम झालं, मनापासून सांगतो.

पण स्लॉट तारीख पाहून मिळते अन् संत्रा तोड पाहून निघते. मधात पाऊस आला, तोड दोन दिवस सरकली, की स्लॉट गेला. कागदात चूक निघाली तरी तेच. वरुडच्या भाऊंचे अडीच दिवस गेले त्यातला अर्धा वेळ कोडचा नसणार, पुन्हा नंबर लावायचा असणार. म्हणून मी म्हणतो कागद कोणीही भरा, गाडी वावरातून हलायच्या आधी भरून वाचून झालेला पायजे. रस्त्यात असताना फोनवर "आकडा बदला, आकडा बदला" चालते ना, तिथंच मार खातो आपण.

मोर्शीवाला_जुना
गाडीवाल्या भाऊनं बरोबर सांगतलं. पण वाचणार कोण? आमच्या कंपनीत दहा डायरेक्टर, इंग्रजी सरसर वाचणारा एक, तो अमरावतीले नोकरीवर.

अन् एक गोष्ट इचारतो नरखेडच्या बाईले. आमच्या डायरेक्टरची डिजिटल सही, तो पेनड्राइव्ह, एजंटच्या ड्रॉवरमध्ये पडला असते, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यालेच चिकटवला. हे चालते का?

नरखेड_ते_नागपूर
काका, बाई नका म्हणू, तुमच्या मुलीसारखी आहे मी. आणि नाही चालत. तो पेनड्राइव्ह म्हणजे तुमची सही आहे, कोऱ्या चेकबुकावर सह्या करून दुसऱ्याकडे ठेवण्यासारखं आहे ते. खरं तर एजंट स्वतःच्या लायसनवर आणि स्वतःच्या सहीने बिल भरतो, त्याला तुमच्याकडून अधिकारपत्र लागतं, तुमचा पेनड्राइव्ह लागत नाही. उद्याच जाऊन परत आणा. आमच्याच लाइनच्या विरोधात बोलते आहे, पण हे बोललंच पाहिजे.

आणि याच्याशीच जोडलेली गोष्ट, माल खरा काय आणि किती हे सांगायची जबाबदारी कायद्याने एक्सपोर्टरची आहे. एजंटने चूक टाईप केली तरी नोटीस कंपनीच्या नावाने येते, म्हणून भरायला एजंट ठेवा पण वाचणं सोडू नका. चार पानं आहेत म्हणून घाबरू नका, त्यात तुमच्या कामाच्या ओळी मोजक्या आहेत. मालाचं नाव आणि कोड फायटोशी जुळतो का, नेट आणि ग्रॉस वेगळे आहेत का, कॅरेटची संख्या, घेणाऱ्याचं नाव पत्ता, इन्व्हॉइसचा नंबर, आणि एडी कोड तुमच्याच बँकेचा आहे का. शेवटचं फार जण बघत नाहीत. तो चुकला की पैसे येऊनही बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये (एक्सपोर्टचे पैसे आले का याची नोंद ठेवणारी सिस्टीम) ते शिपिंग बिल उघडंच राहतं, आणि पुढच्या सीझनला बँक विचारते की मागच्या मालाचे पैसे कुठे आहेत.

हिंगणघाट_जिनिंग
इन्व्हॉइस नंबरवर माझीही पुस्ती. आम्ही सुताचा माल आयजीएसटी (नंतर परत मिळणारा जीएसटी) भरून धाडला होता, शिपिंग बिलात इन्व्हॉइस नंबरच्या मधात आडवी रेघ होती अन् जीएसटीआर-१ मध्ये (जीएसटीचा विक्रीचा रिटर्न) तिरपी. एरर आला एसबी००५, रिफंड अडकला तो पाच महिने. एका रेघेपायी. ताज्या फळाला जीएसटीच नाही त्यामुळे संत्रावाल्यांना हा ताप नाही, पण ज्यूस नाहीतर पल्प धाडायचा विचार असेल तर आतापासून एकाच पद्धतीनं नंबर लिहायची सवय लावा.

वरुड_बगीचा
ताई, तुमचं ऐकून मी अर्धं मत बदलतो. पेट्रापोलला उभं राहायला माणूस आमच्याकडे नाही हे खरं आहे, त्यामुळे या आंबियाला बिल एजंटच भरेल. पण चेकलिस्ट दुपारी चारच्या आत पायजे असं त्याला लिहून देतो, रात्री साडेदहाला आलेल्या चेकलिस्टवर गाडी सुटणार नाही. कंपनीतल्या एकाची पोरगी बारावी कॉमर्स करून घरी आहे, तिला हेच काम देतो, पगारावर. फायटो, इन्व्हॉइस अन् चेकलिस्ट तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ती वाचेल, मग मी. धरमकाट्याची पावती दोन वेळची, रिकाम्या गाडीची अन् भरलेल्या गाडीची, फोटो काढून एजंटला आधीच.

स्वतः भरायचं मी सोडलं नाही. दोन सीझन वाचून हात बसला की एक गाडी स्वतः भरून पाहणार.

मोर्शीवाला_जुना
पोरीले पगार देणार हे आवडलं. ड्युटीवरचं माझं म्हणणं तसंच हाय, त्याच्यावर वेगळं बोलू, तहसीलवर निवेदन द्यायचं असन तं आमच्याकडचे शंभर बगायतदार येतात.

एक इचारायचं रायलं. कॅरेटचं वजन काढताना धुतलेलं ओलं कॅरेट धरता का कोरडं? आमच्याकडे धुऊन लगेच भरतात, त्यात पाणी रायते.

वरुड_बगीचा
काका, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. मागच्या वेळी आमचेही ओलेच होते. या वेळी दहा ओले अन् दहा कोरडे वेगवेगळे काट्यावर ठेवून पाहतो, पॅकहाऊस उघडलं की आकडा इथं टाकतो.